रोममधले बायकांचे सण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी आला की "व्हॅलेंटाईन मूळचा रोमचाच ना?" आणि मार्च लागला की "महिला दिनाचं मूळ रोममध्ये आहे का?" हे दोन प्रश्न मला दरवर्षी न चुकता येतात. बोना देआ या देवीच्या रात्री, जिथे पुरुषांना बंदी असे, आत काय चालायचं, हा प्रश्न मात्र बारमाही. पुन्हा पुन्हा तेच लिहिण्यापेक्षा उत्तरं एका जागी ठेवते आहे. आधी सोपे प्रश्न, मग अडचणीचे. जिथे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं आहे तिथे कंसात त्याचा क्रमांक दिला आहे.

१. रोममध्ये खास बायकांचे म्हणावेत असे सण कोणते होते?

वर्षाच्या क्रमाने सांगते. ११ आणि १५ जानेवारीला कारमेंतालिया, बाळंतपणाच्या देवीचा. १५ फेब्रुवारीला लुपरकालिया. त्यात धावायचे पुरुष, पण बायकांचा वाटा होताच (प्रश्न ६). १ मार्चला मात्रोनालिया, १ एप्रिलला वेनेरालिया. एप्रिलच्या अखेरीला सुरू होऊन ३ मेपर्यंत चालणारा फ्लोरालिया. ७ ते १५ जून वेस्टाच्या, म्हणजे चुलीच्या अग्नीच्या देवीच्या, मंदिराचा आतला भाग बायकांसाठी उघडा असे आणि त्या अनवाणी तिथे जात. त्याच दिवसांत, ११ जूनला, मात्रालिया. ७ जुलैला दासींचा 'नोने काप्रोतिने'. डिसेंबरच्या सुरुवातीला बोना देआची रात्र.

यादी वाचताना एक सांगून ठेवते. 'बायकांचा सण' म्हणजे सगळ्या बायकांचा, असं तिथे सहसा नसे. लग्न झालंय का, कितवं झालंय, बाई स्वतंत्र आहे की दासी, वरच्या कुळातली की सामान्य, यावर तिला कोणत्या देवळाचं दार उघडणार ते ठरे. खालची बरीचशी उत्तरं फिरून इथेच येतात.

२. हे सगळं आपल्याला कळलं कुठून? बायकांनी स्वतः काही लिहून ठेवलंय का?

वर्णन म्हणावं असं बायकांच्या हातचं काहीही उरलेलं नाही. सांगणारे सगळे पुरुष. ओव्हिड या कवीने वर्षभराचे सण पद्यात सांगणारं 'फास्ती' हे काव्य लिहिलं, पण त्यातले जानेवारी ते जून एवढे सहाच महिने आपल्याकडे आहेत. त्यामुळे जुलैतला दासींचा सण नि डिसेंबरमधली बोना देआची रात्र यांसाठी दुसऱ्यांकडे जावं लागतं. प्लूटार्क हा ग्रीक, "रोमन लोक असं का करतात?" असे प्रश्न मांडून तो एकेका चालीची दोन-तीन कारणं देतो आणि निवड वाचकावर सोडतो. सिसेरो हा वक्ता नि राजकारणी बोना देआबद्दल तावातावाने लिहितो, पण त्याला आत प्रवेशच नव्हता. माक्रोबियस तर सिसेरोनंतर साडेचार शतकांनी लिहितो.

याखेरीज दगडावर कोरलेल्या दिनदर्शिका आहेत. आणि देवळांच्या आवारात सापडलेल्या नवसाच्या वस्तू आहेत: भाजक्या मातीचे गर्भाशय, स्तन, कापडात गुंडाळलेली तान्ही बाळं. बायका देवीजवळ काय मागत होत्या ते या मातीच्या वस्तू ओव्हिडपेक्षा सरळ सांगतात, असं माझं मत.

३. जूनो की यूनो?

ही रोमनांची देवांची राणी, लग्नाची आणि बाळंतपणाची देवी. लॅटिनमध्ये यूनो. मराठीत ती इंग्रजीमार्गे आली म्हणून जूनो, आणि तेच इथे ठेवलं आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरातला 'जून' तिच्याच नावाचा, असं एक मत आहे. ओव्हिडने ते दिलंय, पण सोबत 'तरुणांचा महिना' असं दुसरंही दिलंय. फेब्रुवारीबद्दल प्रश्न ६ पाहा.

४. मात्रोनालिया म्हणजे नेमकं काय? नवरे खरोखर भेटी देत?

देत. 'मात्रोना' म्हणजे रीतसर लग्न झालेली, घरची कर्ती बाई. १ मार्च हा तिचा दिवस. एस्क्विलिन टेकडीवर जूनो लुकिनाचं मंदिर होतं, इ.स.पू. ३७५ मधलं. लुकिना म्हणजे बाळाला उजेडात आणणारी. 'लुक्स' म्हणजे उजेड. बायका फुलं घेऊन तिथे जात. घरी नवरे बायकोसाठी प्रार्थना करत, भेटी देत. सम्राट व्हेस्पाशियन डिसेंबरातल्या सातुर्नालियाला पुरुषांना भेटी वाटायचा आणि १ मार्चला बायकांना, अशी नोंद आहे. प्लॉटसच्या एका नाटकात लग्नाला घाबरलेला गृहस्थ सांगतो की बायको आली की ती पहाटेच उठवून म्हणणार, 'अहो, पहिली तारीख आलीय, आईला द्यायला काहीतरी द्या ना.' म्हणजे भेट बायकोपुरती थांबत नव्हती, सासूबाईंपर्यंत जात होती. होरेस कवी अविवाहित. मार्चच्या पहिल्या तारखेला मी फुलं नि धूप घेऊन काय करतोय याचं तुला नवल वाटत असेल, असं तो मित्राला गमतीने विचारतो.

या दिवशी घरची मालकीण दासांना स्वतः वाढत असे. सातुर्नालियात मालक वाढत, इथे मालकीण. एक दिवस ताट उलटं फिरायचं, दुसऱ्या दिवशी सरळ.

आता १ मार्चच का? हा युद्धदेव मार्सचा दिवस नि जुन्या रोमचा वर्षारंभ. ओव्हिड थेट मार्सलाच विचारतो: तू लढाईचा देव, तुझ्या दिवशी बायकांचं काय काम? मार्स त्याला साबाइन बायकांची गोष्ट सांगतो. रोमनांनी पळवून आणलेल्या या मुली पुढे तान्ही मुलं कडेवर घेऊन बाप आणि नवरा यांच्या फौजांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि लढाई थांबली. सन्मान त्याबद्दलचा. पळवून नेल्याबद्दल मार्स चकार शब्दाने दिलगिरी व्यक्त करत नाही.

आणि हो, ८ मार्चच्या महिला दिनाशी याचा संबंध नाही. तो विसाव्या शतकातल्या कामगार आणि समाजवादी चळवळीतून आला. तारखा जवळ आहेत, एवढंच.

५. जूनो लुकिनाकडे जाताना गाठी सोडायच्या, हे काय आहे?

तिच्या देवळात जाताना अंगावर गाठ बांधलेलं काही नसावं असा दंडक होता. गर्भवती बाईने केस मोकळे सोडून जावं, म्हणजे देवी तिची सुटका तशीच अलगद करेल, असं ओव्हिड सांगतो. यामागची समजूत अशी की बाहेर जे बांधलेलं ते आतही बांधून ठेवतं. निसर्गाचा कोश लिहिणारा प्लिनी सांगतो की गर्भवतीजवळ बोटांत बोटं गुंफून बसणं वाईट. हर्क्युलिसच्या आईच्या कळा अशाच कोणी बोटं गुंफून बसल्यामुळे लांबल्या, अशी कथा तो देतो.

आपल्याला हे ऐकून हसू येईल, पण तेव्हाचं बाळंतपण डोळ्यांसमोर आणा. जन्मलेल्या मुलांपैकी साधारण निम्मी वयाच्या दहाव्या वर्षाआधी जात असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे, आणि आयाही कमी जात नसत. करता येण्यासारखं थोडंच होतं. गाठ सोडणं त्यातलं एक.

६. लुपरकालियात बायकांना चाबकाने मारत, हे खरं का?

चाबूक नव्हे, ताज्या बोकडाच्या कातड्याच्या पट्ट्या. पॅलेटाइन टेकडीच्या पायथ्याशी लुपरकाल नावाची गुहा होती. लांडगीने रोम्युलस आणि रेमसला तिथे पाजलं अशी श्रद्धा. १५ फेब्रुवारीला तिथे बोकड आणि एक कुत्रा बळी देत. रक्ताळलेली सुरी दोन तरुणांच्या कपाळाला लावत, दुधात भिजवलेल्या लोकरीने ती पुसत, आणि पुसताच त्या दोघांनी हसायचं. हसणं हा विधीचाच भाग. का, ते प्लूटार्कलाही नीट सांगता आलेलं नाही.

मग लुपेर्की म्हणवणारे हे तरुण कमरेला कातडं गुंडाळून, बाकी उघडे, गावातून धावत आणि भेटेल त्याला पट्टी मारत. बायका मुद्दाम आडव्या येऊन हात पुढे करत, शाळेत छडीसाठी करतात तसे. ही उपमा माझी नाही, प्लूटार्कची आहे. मूल नसलेलीला मूल होईल आणि गर्भवतीची सुटका सोपी होईल, हा विश्वास.

ओव्हिडने याची एक कथा दिलीय. पळवून आणलेल्या बायकांना मुलं होईनात, तेव्हा जूनोच्या राईतून आवाज आला की इटलीच्या मातांमध्ये पवित्र बोकड शिरू दे. सगळे हादरले. एका एट्रस्कन ज्योतिषाने त्यातून वाट काढली: बोकड मारला, त्याच्या कातड्याच्या पट्ट्या केल्या नि बायकांना त्यांचे फटके घ्यायला सांगितलं. देववाणीही पाळली गेली आणि बायकाही वाचल्या.

या पट्ट्यांना आणि शुद्धीच्या इतर साधनांना 'फेब्रुआ' म्हणत. महिन्याचं नाव त्यावरून. इ.स.पू. ४४ च्या लुपरकालियात धावणाऱ्यांत मार्क अँटनी होता. त्याने धावता धावता सीझरपुढे राजमुकुट धरला आणि सीझरने तो नाकारला. महिन्याभरात सीझरचा खून झाला.

७. मग व्हॅलेंटाईन डे लुपरकालियातूनच आला ना?

नाही. दरवर्षी फिरणाऱ्या संदेशात म्हटलेलं असतं की लुपरकालियात तरुण मुलं मडक्यातून मुलींच्या नावाच्या चिठ्ठ्या काढत आणि पोप गेलाशियसने हा सण बदलून व्हॅलेंटाईन डे केला. चिठ्ठ्यांची गोष्ट एकाही प्राचीन लेखकाकडे नाही. गेलाशियसचं (पोपपदी इ.स. ४९२ ते ४९६) लुपरकालियाविरुद्धचं पत्र आहे, पण त्यात व्हॅलेंटाईनचं नावही नाही. १४ फेब्रुवारी आणि प्रेम यांची सांगड दिसते ती चौदाव्या शतकात, इंग्रज कवी चॉसरच्या काळात, आणि तीही पक्षी जोडीदार निवडतात या कल्पनेतून. या दोन सणांमध्ये नऊशे वर्षांची पोकळी आहे; मडक्यातल्या चिठ्ठ्यांनी ती भरत नाही.

८. बोना देआच्या रात्री पुरुषांना बंदी होती. आत काय चालायचं?

बोना देआ म्हणजे 'भली देवी'. हे विशेषण झालं. खरं नाव पुरुषांच्या कानावर पडू नये असा नियम. १ मे रोजी अव्हेंटाइन टेकडीवरच्या तिच्या मंदिराचा दिवस असे. तिथे औषधी वनस्पती ठेवलेल्या असत, साप मोकळे फिरत. पण लोक विचारतात ती डिसेंबरमधली रात्र. ती मंदिरात नव्हे, कॉन्सल किंवा प्रेटर अशा बड्या अधिकाऱ्याच्या घरी होत असे. घरमालकाने त्या रात्री बाहेर जायचं. घरातले सगळे पुरुष बाहेर, नर जनावरंही बाहेर. पुरुषाचं चित्र असेल तर त्यावर कापड. यजमानीण घरची गृहिणी, विधीला वेस्टल कुमारिका, म्हणजे वेस्टाचा अग्नी राखणाऱ्या ब्रह्मचारी पुजारणी. द्राक्षवेलींचे मांडव, संगीत, डुकरिणीचा बळी आणि वाइन (प्रश्न १०). सगळं रोमच्या जनतेच्या कल्याणासाठी, अधिकृतपणे.

म्हणजे हा चोरून केलेला उत्सव नव्हता. राज्याचा विधी होता, फक्त तो बायकांनी करायचा आणि पुरुषांनी बघायचा नाही. ज्युवेनलसारख्या कवींनी आत काय चालत असेल याची बीभत्स वर्णनं लिहिली, ती त्यांच्या डोक्यातली.

इ.स.पू. ६३ मध्ये ही रात्र सिसेरोच्या घरी होती. तो तेव्हा कॉन्सल होता, आणि राज्य उलथवू पाहणाऱ्या कातिलिनाच्या कटातल्या लोकांचं काय करायचं या विवंचनेत तो दुसऱ्याच्या घरी जाऊन बसला होता. इकडे विझत आलेल्या वेदीवरून अचानक ज्वाळा उठली. वेस्टल कुमारिकांनी त्याच्या बायकोला, तेरेन्तियाला, सांगितलं की जा, नवऱ्याला सांग, ठरवलंय ते कर. दोन दिवसांनी पाच जणांना मृत्युदंड झाला.

९. "सीझरची पत्नी संशयातीत असली पाहिजे" हे वाक्य याच सणातून आलंय का?

हो. आपल्याकडे एखाद्या मंत्र्याचा राजीनामा मागताना अग्रलेखात हे वाक्य हमखास येतं, म्हणून मूळ प्रकरण सविस्तर सांगते.

इ.स.पू. ६२. विधी सीझरच्या घरी. तो त्या वर्षी प्रेटर होता आणि मुख्य पुरोहितही. पुब्लियस क्लोडियस हा तरुण सरदार वीणावादिनीचा वेष करून आत शिरला. सीझरची बायको पोम्पेया त्याच्या मनात भरली होती म्हणतात. घर मोठं, त्यात तो चुकला. एका दासीने त्याला बोलतं केलं आणि आवाजावरून तो पकडला गेला. सीझरची आई औरेलिया हिने विधी थांबवला, पूजेच्या वस्तू झाकल्या, दारं लावून घेतली आणि मशाली घेऊन घरभर शोध घेतला. विधी नंतर पुन्हा करावा लागला.

सीझरने पोम्पेयाला सोडलं. पुढच्या वर्षी खटला उभा राहिला. साक्षीला आलेला सीझर म्हणाला, मला काही माहीत नाही. मग बायकोला का सोडलंस? तर माझ्या पत्नीवर संशयसुद्धा येता कामा नये, म्हणून. क्लोडियसचं म्हणणं, मी त्या रात्री इंतेराम्नाला होतो. सिसेरोने साक्ष दिली की त्याच दिवशी हा मला रोममध्ये भेटला. तरीही ३१ विरुद्ध २५ मतांनी क्लोडियस सुटला. लाचेने, असं सिसेरो म्हणतो. पण तो क्लोडियसचा वैरी, हेही धरून चाला.

तर जो आत घुसला तो निर्दोष सुटला, जिच्याविरुद्ध काही सिद्ध झालं नाही तिचं घर सुटलं. हे वाक्य नीतिमत्तेचा दाखला म्हणून वापरणाऱ्यांनी एवढं वाचलेलं असावं, अशी माझी माफक अपेक्षा आहे.

१०. रोममध्ये बायकांना वाइन पिण्याची बंदी होती ना? मग बोना देआला वाइन कशी?

जुन्या काळी बंदी होती, अशी रोमनांची स्वतःची समजूत होती. नातेवाईक बाईचं चुंबन घेत ते तोंडाला वास येतोय का हे बघायला, असं सांगितलं जाई. बोना देआच्या रात्री मात्र वाइन उघड आत जायची. फक्त तिला म्हणायचं 'दूध' आणि ज्या भांड्यात असेल त्याला म्हणायचं 'मधाचं भांडं'. माक्रोबियसने हे नोंदवलंय.

तिथे मर्टलची फांदी मात्र चालत नसे. कथा अशी की ही देवी मुळात फौनस या रानदेवाची बायको. लपून वाइन प्याली म्हणून त्याने तिला मर्टलच्या काठ्यांनी मरेपर्यंत मारलं, मग पस्तावून देवी केलं. दुसऱ्या कथेत ती त्याची मुलगी आहे आणि गोष्ट आणखी वाईट आहे.

११. बहिणीच्या मुलांसाठी प्रार्थना करायचा सण कोणता?

मात्रालिया, ११ जून. 'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण असलेल्या भाषेत हा सण समजावून सांगायला फारसे शब्द लागत नाहीत. मातेर मातुता ही पहाटेची आणि वाढीची देवी. गुरांच्या बाजाराजवळ तिचं मंदिर. ते सेर्वियस तुल्लियस राजाने बांधलं अशी परंपरा. बायका मातीच्या भांड्यात भाजलेल्या पोळ्या घेऊन जात आणि आधी बहिणीच्या मुलांसाठी मागणं मागत. ओव्हिडने या देवीला ग्रीकांची इनो मानलंय. इनोची बहीण मेली तेव्हा तिच्या पोराला, म्हणजे बाकस या देवाला, इनोने वाढवलं. स्वतःच्या मुलांचं मात्र तिच्या हातून भलं झालं नाही, म्हणून तिच्याकडे आपल्या मुलांसाठी मागू नये, असं तो बजावतो.

काही अभ्यासक देवांच्या कथेपेक्षा साधं कारण मानतात: बाळंतपणात आई जाणं नेहमीचं होतं, मूल मावशीने सांभाळायचं, तर तिने देवीसमोर त्याला आपलं म्हणावं. मला हे पटतं. या सणाची दुसरी बाजू पुढच्या उत्तरात.

१२. दासींना कोणता सण होता?

आधी मात्रालियाची ती दुसरी बाजू. दासींना या मंदिरात बंदी. पण बंदी नुसती पाळून भागत नसे. एका दासीला मुद्दाम आत आणत, बायका तिच्या तोंडात मारत आणि तिला हाकलून देत. मावशीच्या मायेचा सण आणि हे, एकाच दिवशी, एकाच दारात. प्लूटार्क कारण म्हणून पुन्हा इनोची कथा देतो, तिचा नवरा दासीच्या नादी लागला होता म्हणून. कथेपेक्षा खरं कारण घराघरांत असावं: मालकाचा दासीवर हक्क होता, आणि बायकोला राग काढायला नवरा हाती लागत नव्हता, दासी लागत होती.

त्यांचा स्वतःचा सण ७ जुलैचा, नोने काप्रोतिने. दासी चांगले कपडे घालून निघत, वाटेत भेटेल त्याची थट्टा करत, आपसात लुटुपुटीची मारामारी करत आणि रानअंजिराच्या झाडाखाली जेवत. जूनोच्या नैवेद्याला त्या अंजिराचा पांढरा चीक वापरत. कथा अशी: गॉल लोकांनी रोम लुटल्यावर दुबळ्या शहराकडे लॅटिन शेजाऱ्यांनी बायका-मुली मागितल्या. तुतुला नावाच्या दासीने (प्लूटार्क फिलोतिस हेही नाव देतो) सुचवलं की आम्हालाच मालकिणींच्या वेषात पाठवा. रात्री शत्रू झोपल्यावर तिने रानअंजिरावर चढून मशालीची खूण केली आणि रोमन तुटून पडले. दासींना पुढे स्वातंत्र्य आणि आंदण मिळालं, असं माक्रोबियस सांगतो. या सणात स्वतंत्र बायकाही भाग घेत, असंही तोच सांगतो.

१३. वेश्यांना सणात स्थान होतं का?

होतं, आणि उघडपणे. २३ एप्रिलला, विनालिया या वाइनच्या सणाच्या दिवशी, त्या व्हीनसला पुदिना, मर्टल आणि गुलाब वाहत. फ्लोरालिया तर त्यांचाच मानला जाई. फ्लोरा फुलांची देवी. तिचे खेळ इ.स.पू. १७३ पासून दरवर्षी होऊ लागले. लोक रंगीत कपडे घालत, मैदानात ससे आणि बकऱ्या सोडत, गर्दीत कडधान्य उधळत. रंगमंचावरच्या नटींनी प्रेक्षकांच्या मागणीवरून कपडे उतरवायचे. एकदा प्रेक्षकांत धाकटा केटो बसलेला. त्या कडक माणसासमोर मागणी करायला कोणी धजेना. मित्राने हे कानात सांगताच केटो उठून गेला, लोकांनी टाळ्या वाजवून त्याला निरोप दिला आणि खेळ पुढे चालू झाला.

१४. १ एप्रिलला बायका पुरुषांच्या हमामखान्यात आंघोळ करत म्हणे?

प्रेनेस्ते गावात सापडलेल्या कोरीव दिनदर्शिकेत तसं आहे, पण नीट वाचा: त्या दिवशी बायका फॉर्चुना विरिलिसची ('पुरुषांची दैवदेवी') प्रार्थना करतात आणि *खालच्या थरातल्या* बायका ती हमामखान्यात जाऊनही करतात. प्रतिष्ठित गृहिणी त्याच दिवशी व्हीनस व्हर्टिकॉर्डियाच्या मूर्तीचे दागिने उतरवून तिला न्हाऊ घालत, पुसून पुन्हा दागिने आणि ताजे गुलाब चढवत. मग खसखस, दूध आणि मध यांचं पेय घेत. ओव्हिड मात्र दोन्ही गटांना एकत्र बोलावतो.

व्हर्टिकॉर्डिया म्हणजे मन वळवणारी. बायकांचं मन वासनेकडून शीलाकडे. तिचं मंदिर इ.स.पू. ११४ मधलं, वेस्टल कुमारिकांच्या ब्रह्मचर्यभंगाच्या खटल्यांच्या वेळचं. शृंगाराच्या देवीला शीलाची राखण करायला बसवणं ही रोमन कल्पकता. 'वेनेरालिया' हे नाव मात्र उशिराचं, इ.स. ३५४ च्या दिनदर्शिकेतलं.

१५. विधवा किंवा दुसरं लग्न केलेल्या बाईला चालत असे का?

सण बघून. मात्रोनालियाला अशी अट दिसत नाही. मातेर मातुता आणि फॉर्चुना मुलिएब्रिस ('बायकांची दैवदेवी') यांच्या मूर्तींना मात्र फक्त 'उनिविरा', म्हणजे एकाच पुरुषाशी लग्न झालेल्या बाईनेच हात लावायचा. सवाष्णीची आपली कल्पना इथे लावू नका: तिथे प्रश्न नवरा जिवंत आहे का हा नव्हता, लग्न एकच झालंय का हा होता. नवरा मेलेली पण पुन्हा लग्न न केलेली बाई उनिविराच.

आता गंमत पाहा. ऑगस्टसच्या इ.स.पू. १८ च्या कायद्याने विधवेने वर्षभरात पुन्हा लग्न करावं असं ठरवलं, इ.स. ९ मध्ये मुदत दोन वर्षं केली. न केल्यास वारसाहक्कावर गदा. देऊळ म्हणतंय एकच लग्न कर, राज्य म्हणतंय लवकर दुसरं कर.

कुळाचीही अट असे. इ.स.पू. २९६ मध्ये वर्जिनिया या वरच्या कुळातल्या बाईला पुदिकितिया या शीलाच्या देवीच्या देवळातून बाहेर काढलं, कारण तिचा नवरा सामान्य कुळातला. कॉन्सल असला म्हणून काय झालं! तिने आपल्या घराचा एक भाग वेगळा काढून तिथे 'सामान्यांची पुदिकितिया' बसवली आणि बायकांना बोलावून सांगितलं की आपली वेदी त्यांच्यापेक्षा पवित्र ठेवू.

१६. बायकांनी मुलं जन्माला घालायला नकार दिला, ती गोष्ट कोणत्या सणाची?

कारमेंतालियाची. बायकांचा गाडीत बसण्याचा हक्क सिनेटने काढून घेतला, तेव्हा हक्क मिळेपर्यंत मुलं होऊ द्यायची नाहीत असं त्यांनी ठरवलं. असलेले गर्भही पाडले, असं ओव्हिड म्हणतो. सिनेटने हक्क परत दिला आणि कारमेंतेचा दुसरा दिवस सुरू झाला. म्हणून तो सण ११ आणि १५ असा दोनदा.

घटना जशीच्या तशी घडली असेल असं समजू नका. पण बायकांचे दागिने, रंगीत वस्त्रं आणि गाड्या यांवर बंधनं घालणारा ओप्पियन कायदा इ.स.पू. २१५ मध्ये खरोखर झाला होता, आणि इ.स.पू. १९५ मध्ये बायकांनी रस्ते अडवून तो रद्द करायला लावला. तीच आठवण गोष्टीत मिसळलेली असू शकते. कारमेंतेच्या देवळात चामड्याची वस्तू नेत नसत. मेलेल्या जनावराचा स्पर्श बाळंतपणाच्या देवीला नको.

१७. सुतकात सण कसा करायचा?

करायचा नाही. आणि यामुळे एकदा राज्य अडचणीत आलं होतं. इ.स.पू. २१६ मध्ये कानेच्या लढाईत हॅनिबलने रोमचं सैन्य कापून काढलं. सेरेस या धान्यदेवतेचा वार्षिक विधी बायकांनी करायचा असे. पण शोकात नसलेली एकही गृहिणी शहरात उरली नाही, म्हणून तो विधी थांबला. बाकीचे विधीही अडू नयेत म्हणून सिनेटने शोकाची मुदत तीस दिवसांवर आणली. मृतांचे आकडे विसरले जातात, ही तीस दिवसांची मुदत माझ्या डोक्यातून जात नाही.

१८. या सगळ्यांना 'सुफलनाचे सण' म्हणावं का?

सरसकट नको. फोर्डिकिडिया (१५ एप्रिल) तसा होता: गाभण गाय भूमीला बळी देत, पोटातल्या वासराची राख थोरली वेस्टल कुमारिका जपून ठेवी आणि २१ एप्रिलला ती कळपांच्या शुद्धीसाठी वाटत. तिथे शेत, जनावर आणि गर्भ एकाच ओळीत आहेत. पण तो बायकांचा सण नव्हे. उलट मात्रालियात मागणं होतं जन्मलेलं मूल जगावं म्हणून, आणि लुकिनाकडे सुखरूप सुटका व्हावी म्हणून. मूल होणं हा त्यातला एक टप्पा; भीती होती ती पुढची.

१९. आपल्या वटसावित्रीशी किंवा हळदीकुंकवाशी याचा संबंध आहे का?

ऐतिहासिक संबंध नाही. साम्य वाटतं ते अशासाठी की दोन्हीकडे सण बाईच्या वैवाहिक स्थितीवर बेतलेला आहे आणि कोणीतरी दाराबाहेर उभं आहे. पण प्रश्न १५ मधला फरक विसरू नका.

२०. हे सण बंद कधी झाले?

एका दिवसात नाही. सम्राट थिओडोसियसच्या इ.स. ३९१-३९२ च्या कायद्यांनी बळी आणि देवळांतली पूजा बंद केली. लुपरकालिया त्यानंतरही शंभर वर्षं तग धरून होता. गेलाशियसच्या पत्रावरून दिसतं की तोवर उमराव स्वतः धावत नव्हते, पैसे देऊन हलक्या लोकांना धावायला लावत होते. पोप त्यांना सुनावतो: एवढी श्रद्धा असेल तर स्वतः उघडे धावा की.

२१. इटलीला गेल्यास यातलं काय बघता येईल?

लुकिनाचं मंदिर उरलेलं नाही. रोमन फोरममध्ये वेस्टल कुमारिकांचं घर आणि अंगण बघा. सांत ओमोबोनो चर्चजवळ मातेर मातुतेच्या मंदिराचे अवशेष आहेत.

पण एक दिवस हाताशी असेल तर नेपल्सच्या उत्तरेला कापुआ गावी जा. तिथल्या कॅम्पानो संग्रहालयात 'कापुआच्या माता' आहेत: जवळच्या एका देवस्थानाच्या जागेवर १८४५ पासून सापडत गेलेल्या, राखी दगडात घडवलेल्या, शंभराहून अधिक बसलेल्या बायका. त्या रोमच्या नव्हेत, कॅम्पानियातल्या. तिथल्या देवीला अभ्यासक बहुधा मातेर मातुताच म्हणतात. प्रत्येकीच्या मांडीवर गुंडाळलेली बाळं. कोणाकडे एक, कोणाकडे दोन, काहींच्या दोन्ही हातांवर ओळीने इतकी की मोजावी लागतात. चेहरे ओबडधोबड, नाकं झिजलेली. एकीच्या हातात मूल नाही, डाळिंब आणि कबुतर आहे, ती देवी.